परदेशी धाडलेला पठ्ठा

१९५२ साली कुस्तीच्या पायी समुद्र ओलांडून गेलेल्या दोन मल्लांची नावे मी आज एका दमात घेणार आहे. त्यांतले एक आपल्या घरचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले. त्यांच्या खर्चासाठी वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले. त्यांच्या वजनगटातले सुवर्णपदक शोहाची इशी या जपानी मल्लाकडे गेले, आणि खाशाबांना त्याच्या हातूनही हार पत्करावी लागली.

दुसरे नाव त्याच जपानातले, पण पदकाशी ज्याचा काडीमात्र संबंध नाही असे. सुमो कुस्ती सोडून बसलेला रिकिदोझान नावाचा एक सत्तावीस वर्षांचा मल्ल त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हवाई बेटांतील होनोलुलूला गेला. खाशाबांच्या मागे त्यांचा मुलूख उभा होता. याच्या मागे एक बांधकामाचा ठेकेदार होता. याला शिकावयाचा होता तो धंदा, म्हणजे तिकीट लावून कुस्त्या भरविण्याचा, आणि त्या कुस्त्यांत उतरण्याचा.

आजचा विषय हा दुसरा मनुष्य आणि त्याने पाडलेली एक चाल. कुस्तीची मंडळी चालविणाऱ्याने आपला कोवळा पठ्ठा परक्या देशात धाडावयाचा. तेथे वर्ष-दोन वर्षे त्याने मार खात, भाषा न कळता, मिळेल ते खाऊन तयार व्हावयाचे, आणि तयार झाला म्हणजे परत यावयाचे. जपानी कुस्तीचा पाऊणशे वर्षांचा व्यवहार या एका चालीवर चालला आहे. मात्र तिच्यात एक खोच आहे. पठ्ठा तयार झाला तर तो परत कशाला येईल? आणि आलाच, तर ज्याने धाडला त्याच्याचकडे कशाला राहील?

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून टाकलेली बरी. ज्या कुस्तीविषयी मी बोलतो आहे तिचा निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे तिला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरतात. खासबागेत बसून ज्यांनी कुस्त्या पाहिल्या आहेत, त्यांना हा विषय व्याख्यानाच्या लायकीचा तरी आहे काय, असे वाटेल. माझे उत्तर असे की, आखाड्यात कोणी नुरा कुस्ती केली तर ती फसवणूक होय, कारण तेथे प्रेक्षकाला झुंजीचे वचन दिलेले असते. या धंद्यात ते वचन हळूहळू विरून गेले आणि मागे राहिला तो एक प्रकारचा नाट्यव्यवसाय. नाटकातली तलवार लाकडी असते हे ठाऊक असूनही आपण तिकीट काढतो. फरक इतकाच की, येथे नट खरोखरच सहा फुटांवरून पाठीवर पडतो, आणि असे तो वर्षातून शे-दीडशे रात्री पडतो. निकाल ठरलेला असला तरी मणक्याला ते माहीत नसते.

आणि नाट्यव्यवसाय म्हटले म्हणजे त्याची जुनी व्याधी आलीच. नाटक मंडळीची मालमत्ता ती काय? चार पडदे, काही पेट्या, थोडे दागिने. खरी मालमत्ता म्हणजे गाणारा नट, आणि तो दोन पायांवर चालत निघून जाऊ शकतो. केशवराव भोसले यांनी स्वदेशहितचिंतक मंडळी सोडून १९०८ साली ललितकलादर्श काढली. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. पुण्यात बसलेल्या श्रोत्यांना ‘मंडळी फुटली’ या दोन शब्दांचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही. जपानी कुस्तीच्या इतिहासात हे दोन शब्द आपल्याला वारंवार लागणार आहेत.

आपल्याही मल्लांना परदेशी नेण्याचा उद्योग झाला होता, आणि तो जपान्यांच्या कितीतरी आधी. १९१० साली आर. बी. बेंजामिन नावाच्या इंग्रज व्यवस्थापकाने गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष, अहमदबक्ष आणि गामू या चौघांना लंडनला नेले. कागदावर हा सौदा सोन्याचा होता. ८ ऑगस्टला गामाने अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला दोनदा चीत केले, त्यातली पहिली चीतपट दोन मिनिटांच्या आत. इमामबक्षाने जॉन लेम या स्विस मल्लाची तीच गत केली. १० सप्टेंबरला पोलंडचा झिबिस्को गामापुढे आला आणि अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक पालथा पडून राहिला. कुस्ती निकाली झाली नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा धरावयाची होती, त्या दिवशी झिबिस्को फिरकलाच नाही. हॅकनश्मिट आणि फ्रँक गॉच या त्या काळच्या दोन सर्वांत मोठ्या नावांनी आव्हानाकडे पाठ फिरविली. बेंजामिनची अडचण विचित्रच म्हणावयाची. त्याचे मल्ल इतके चांगले होते की त्यांच्यापुढे उभा राहावयास कोणी तयार नव्हता, आणि समोर कोणी उभे नसेल तर तिकीट कशाचे विकावयाचे? गामा पट्टा घेऊन स्वदेशी परतला. कीर्ती झाली, ती आजही आहे. धंदा म्हणून मात्र मागे काही राहिले नाही. आपण तयार मल्ल परदेशी नेले. जपान्यांनी कच्चे पोर नेले. दोन्ही इतिहासांतला सारा फरक मला या एका गोष्टीत दिसतो.

आता रिकिदोझानकडे वळू. तो जन्माने जपानी नव्हता. १९२४ साली कोरियात, आज जो भाग उत्तर कोरियात मोडतो तेथे, त्याचा जन्म झाला. मूळ नाव किम सिन-राक. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. १९४० साली तो टोकियोच्या सुमो तालमीत आला, वरच्या श्रेणीपर्यंत चढला, आणि १९५० साली एका रात्री त्याने आपल्याच हाताने डोक्यावरची शेंडी कापली. सुमोत शेंडी उतरविणे हा मोठा समारंभ असतो. त्याने तो स्वयंपाकघरातल्या सुरीने उरकला, असे सांगतात. पुढच्या वर्षी बॉबी ब्रन्झ वगैरे अमेरिकन मल्लांचा एक ताफा टोकियोत धर्मादाय खेळांसाठी आला. त्यांच्याबरोबर रिकिदोझान दहा मिनिटे झुंजला आणि त्याची दमछाक झाली. पण त्या दहा मिनिटांत त्याला आपला पुढचा मार्ग दिसला.

होनोलुलूत ओकी शिकिना या मल्लाने त्याला घडविले. तेथून तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. वर्षभरात त्याने शेकड्यांनी कुस्त्या केल्या, पण माझ्या मते तो जे शिकला ते रिंगणाच्या बाहेरचे होते. कोणाला कोणासमोर उभा करावयाचा, परगावचा खलनायक बोलवावयाचा कसा आणि त्याला हरवावयाचा केव्हा, पहिल्या आठवड्यात अर्धवट सोडलेल्या भांडणावर दुसऱ्या आठवड्याची तिकिटे कशी खपतात, हे सारे तो तेथे डोळ्यांनी पाहत होता. १९५३ साली परतल्यावर त्याने नित्ता शिन्साकू या ठेकेदाराच्या पाठबळाने जपान प्रो रेसलिंग ही संस्था उभी केली. १९५४ च्या फेब्रुवारीत कॅनडाचे शार्प बंधू टोकियोत आले, आणि रिकिदोझान व ज्यूडोचा महापुरुष मासाहिको किमुरा यांची जोडी त्यांच्याशी भिडली.

हा योग कसा जुळून आला पाहा. जपानात टेलिव्हिजन सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. संच सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा. तेव्हा टेलिव्हिजन कंपनीने चौकाचौकांत मोठे संच मांडून ठेवले. शिंबाशी स्टेशनासमोर हजारोंची गर्दी उभ्याने ती कुस्ती पाहत होती. युद्धात हरलेला देश. परकी फौज नुकतीच हटलेली. आणि त्या पडद्यावर एक काळी विजार घातलेला जपानी मनुष्य धिप्पाड गोऱ्यांना हाताच्या कडेने सपासप हाणतो आहे. लोक रडले, असे त्या वेळच्या वर्णनांत येते. शार्प बंधू कॅनडाचे, अमेरिकेचे नव्हेत. हाणणारा कोरियाचा, जपानचा नव्हे. गर्दीला यातले काहीच ठाऊक नव्हते. रिकिदोझानचा जन्म नागासाकी प्रांतातल्या ओमुरा गावचा, असे छापले जाई, आणि तो मरेपर्यंत त्याने ते तसेच छापू दिले. निकाल ठरलेल्या कुस्तीपेक्षा हे सोंग मला फार जड वाटते. कुस्तीचे सोंग रात्री दहाला उतरविता येते. हे त्याला घरीही उतरविता येत नव्हते.

तो सज्जन होता असे मात्र कोणी समजू नये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याची आणि किमुराची लढत झाली. बरोबरी करावयाची असे ठरले होते, असे किमुराने पुढे सांगितले; रिकिदोझानने मध्येच ठरलेले सोडून खरोखर मारावयास सुरुवात केली आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. एका संस्थेत दोन वाघ त्याला नको होते.

१९६० साली या मनुष्याने दोन पोरे गोळा केली. एक शोहेई बाबा. ‘बाबा’ हे त्याचे आडनाव. आपल्या अर्थाने तेव्हा तो कोणाचाच बाबा नव्हता. सात फुटांना थोडा कमी इतका उंच, बेसबॉलमधून बाहेर पडलेला. दुसरा आंतोनियो इनोकी, ज्याचे कुटुंब पोट भरण्यासाठी ब्राझीलला गेले होते आणि ज्याला रिकिदोझानने साओ पाउलोच्या दौऱ्यात हेरून परत आणले. ३० सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी दोघे पहिल्यांदा रिंगणात उतरले. पुढच्याच वर्षी बाबाची अमेरिकेला रवानगी झाली.

आता परदेशी धाडणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत बाबाचा ताबा होता ग्रेट टोगो या मल्लाकडे. हा टोगो अमेरिकेतच जन्मलेला जपानी वंशाचा माणूस. युद्धानंतरच्या अमेरिकेत जपानी चेहऱ्याच्या मल्लाला एकच भूमिका मिळे: कमरेत लवून नमस्कार करावयाचा, आणि समोरचा नमस्कार घेतो आहे तोच त्याच्या डोळ्यांत मीठ फेकावयाचे. पर्ल हार्बरचा राग पैसे देऊन बाहेर काढावयास लोक येत. टोगोने हा राग आयुष्यभर विकला. त्याच्या हाताखाली बाबा लाकडी खडावा घालून रिंगणात येई आणि शिव्या खाई. म्हणजे मायदेशी ज्याला गोऱ्यांचा पाडाव करणारा वीर म्हणून मिरवावयाचे, त्याला परदेशी आधी गोऱ्यांचा तिरस्कार कमवावयास शिकवावयाचे! हे शिक्षण मला वाटते तितके विपरीत नाही. ज्याला हजारो लोकांना चिडविता येते त्याला त्यांना हसविता, रडविताही येते. रिंगणात उभे राहून गर्दी वाचण्याची विद्या घरच्या टाळ्यांत येत नाही.

बाबाचा खरा वस्ताद होता फ्रेड ॲटकिन्स, कॅनडात स्थायिक झालेला एक कठोर मनुष्य, ज्याच्याविषयी त्याच्या शिष्यांनी प्रेमापेक्षा भीतीनेच अधिक सांगितले आहे. याच ॲटकिन्सच्या हाताखाली पुढे लुधियानाकडचा एक पंजाबी पोरगाही तयार झाला. त्याची गाठ आपल्याला पुढे पडेल.

डिसेंबर १९६३ मध्ये टोकियोच्या एका नाइट क्लबात रिकिदोझानला एका गुंडाने सुरा मारला. आठवडाभराने, १५ तारखेस, तो वारला. वय एकोणचाळीस. बाबा त्या वेळी अमेरिकेत होता आणि एव्हाना तिथल्या मोठमोठ्या सभागृहांत त्याच्या नावावर तिकिटे खपत होती. तेथेच राहा म्हणून टोगोने मोठ्या रकमेचा करार पुढे केला. धाडणारा मेला होता. बांधून ठेवणारे कोणी उरले नव्हते. बाबा परतला. का परतला याचा उलगडा चरित्रकार निरनिराळा करतात. मला तर तो मुळातच घरकोंबडा आणि शब्दाला जागणारा मनुष्य दिसतो.

इनोकी तसा नव्हता. त्याला १९६४ साली अमेरिकेस धाडले. दोन वर्षांनी, १९६६ च्या वसंतात, तो परत येत असता वाटेत हवाईत त्याला तोयोनोबोरी भेटला. हा संस्थेचा माजी प्रमुख, जुगारापायी बाहेर काढलेला. त्याने इनोकीच्या मनात भरविले की तिकडे बाबा बसला आहे तोवर तू कायमचा दुसरा. इनोकी टोकियोला उतरला तो जुन्या संस्थेचा राहिला नव्हता. जपानी कुस्तीच्या बखरीत या प्रकाराला ‘पॅसिफिकवरची पळवापळव’ असे नाव आहे. ज्या पोराला दोन वर्षे खर्च करून तयार केले, तो घरापासून एका मुक्कामावर असता दुसऱ्याने उचलला. आंबा पाडाला आला आणि शेजाऱ्याने उतरविला, असाच हा प्रकार. शेजाऱ्यालाही तो लाभला नाही, ही गोष्ट वेगळी. त्यांनी काढलेली टोकियो प्रो रेसलिंग ऑक्टोबरात उघडली आणि काही महिन्यांत बुडाली. १९६७ साली इनोकी मान खाली घालून परत आला, आणि १९७१ च्या डिसेंबरात त्याला पुन्हा हाकलले, या वेळी संस्था बळकावण्याचा कट केला म्हणून.

जानेवारी १९७२ मध्ये त्याने न्यू जपान प्रो रेसलिंग काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबानेही बाहेर पडून ऑल जपान उभी केली. रिकिदोझानची मूळ संस्था पुढच्या वर्षीच्या वसंतात मिटली.

स्वतंत्र मंडळी काढणाऱ्याची पहिली दोन वर्षे कशी जातात, हे पाहावयाचे तर इनोकीची पाहावीत. टेलिव्हिजन नाही. अमेरिकेतल्या ठेकेदारांच्या संघाशी बाबाचे सूत जुळलेले, त्यामुळे नावाजलेला परदेशी मल्ल मिळत नाही. आणि परदेशी खलनायक नसेल तर जपानी वीर कोणाला हरविणार? अशा वेळी त्याच्या मदतीला आला कार्ल गॉच. हा बेल्जियमचा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला होता, म्हणजे आपले खाशाबा सहावे आले त्याच स्पर्धेत. पुढे इंग्लंडमधील विगन या कोळशाच्या गावी त्याने खरी पकड शिकली. तो इतका खरा मल्ल होता की अमेरिकेत त्याच्याबरोबर काम करावयास कोणी राजी नसे. बेंजामिनच्या गामाचीच कथा. उद्घाटनाच्या दिवशी इनोकी गॉचकडून हरला. स्वतःच्या संस्थेच्या पहिल्या रात्री मालकाने हरावे, यात मला तरी विलक्षण धंदेवाईक धीर दिसतो.

गॉचने इनोकीच्या पोरांना काय करावयास लावले हे ऐकून आपल्या तालमीतले वस्ताद सुखावतील. बैठका आणि जोर. शेकड्यांनी बैठका, घामाचे थारोळे होईपर्यंत. पाश्चात्य मल्लांत त्यांना आजही ‘हिंदू’ बैठका म्हणतात, आणि मुद्गलाचे हातही गॉच त्याच श्रद्धेने फिरवी. टोकियोच्या नोगे भागातले इनोकीचे राहते घर तालीम झाले. तेथे नव्या पोराने पहाटे उठावयाचे, अंगण झाडावयाचे, वडीलधाऱ्या मल्लाचे कपडे धुवावयाचे, सगळ्यांसाठी मांस-भाजीचे पातेलेभर कालवण रांधावयाचे आणि काळी चड्डी घालून पहिल्या कुस्तीत हरावयाचे. थंडाईला बदाम वाटणाऱ्या आपल्याकडच्या धाकट्या पठ्ठ्याला यात काही नवे वाटणार नाही. नवे आहे ते यापुढचे: इतके सोसल्यावर इनाम काय, तर परदेशी रवानगी.

१९७३ साली न्यू जपानला हवा होता तसा खलनायक सापडला. तोच ॲटकिन्सचा पंजाबी शिष्य, टायगर जीत सिंग. डोक्याला फेटा, दातांत तलवार. त्या नोव्हेंबरात शिंजुकूच्या भर बाजारात, एका मोठ्या दुकानासमोर, त्याने खरेदीस आलेल्या इनोकीवर हल्ला केला. पोलीस आले, वर्तमानपत्रे भरली. हे ठरविलेले होते की नव्हते याचा वाद अजून चालतो. अमेरिकेत जे काम टोगो करी ते जपानात एका पंजाब्याने केले. गंमत अशी की, त्याच माणसाच्या दानधर्माच्या कार्यासाठी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एका सरकारी शाळेला त्याचे नाव देण्यात आले आहे.

येथून चाल पक्की झाली. तात्सुमी फुजिनामीला १९७५ साली जर्मनीला धाडले, मग फ्लोरिडात गॉचकडे, मग मेक्सिकोला. १९७८ च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पट्टा जिंकून तो परतला तेव्हा पाहुण्यासारखे त्याचे स्वागत झाले. सातोरू सायामा मेक्सिकोत आणि इंग्लंडात राबला. १९८१ च्या एप्रिलमध्ये त्याला परत बोलावून तोंडावर वाघाचा मुखवटा चढविला, मुलांच्या चित्रकथेतला ‘टायगर मास्क’, आणि सारा देश वेडा झाला. पोर दृष्टीआड गेले पाहिजे, हे यातले मर्म. नोगेच्या अंगणात झाडू मारताना ज्याला पाहिले त्याला वीर म्हणून लोक कसे स्वीकारणार? दोन वर्षे तो दिसत नाही, कोठून तरी बातम्या येतात, आणि मग दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच अंगलटीचा मनुष्य उभा राहतो. सायामा सव्वादोन वर्षांनी, १९८३ च्या ऑगस्टमध्ये, संस्थेशी बिनसून निघून गेला.

आतापर्यंत बोललो ते धाडलेल्यांविषयी. पण ज्यांना कोणी धाडलेच नाही, त्यांची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

योशिहिरो असाई हा नागोयाचा पोरगा, १९६६ चा जन्म. न्यू जपानच्या तालमीत घाम गाळूनही उंची भरत नाही म्हणून त्याला मल्ल करून घेतले नाही. दाराबाहेर राहिलेला हा पोरगा १९८७ साली आपला आपण मेक्सिकोला गेला. मेक्सिकोची कुस्ती म्हणजे मुखवटे, उड्या, दोरावरच्या कसरती. तेथे लहान चणीचा मल्ल ही उणीव नव्हे, भांडवल आहे. चार वर्षांत तो ‘अल्टिमो ड्रॅगन’ झाला, जपानात आणि अमेरिकेत गाजला. १९९७ साली मेक्सिको शहराला लागून असलेल्या नौकाल्पानला त्याने जे केले ते त्याच्यापूर्वी कोणाला सुचले नव्हते. कुस्तीची मंडळी जपानात काढून पोरे परदेशी धाडण्याऐवजी त्याने शाळाच परदेशी काढली.

तिचे नाव तोर्युमोन. चिनी-जपानी दंतकथा अशी की, धबधबा उलटा चढून वरचे ‘ड्रॅगनचे द्वार’ ओलांडणारा मासा ड्रॅगन होतो. त्या शब्दातले ‘चढणे’ हे अक्षर काढून त्याने त्याच उच्चाराचे ‘झुंजणे’ हे अक्षर घातले. मोठ्या संस्थांनी उंचीची पट्टी लावून परत पाठविलेली पोरे शिकवणीचे पैसे भरून तेथे येऊ लागली. गाव समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांहून उंच, आपल्या महाबळेश्वरापेक्षा नऊशे मीटर वर. विरळ हवेत पहिले काही आठवडे नुसते धावले तरी पोरांना धाप लागे. स्पॅनिश कोणाला येत नव्हते. शिकता शिकताच त्यांना तेथल्या छोट्या अखाड्यांत उतरविले जाई, आणि प्रेक्षक त्यांना परके म्हणून हुसकावीत.

१९९९ च्या जानेवारीत हा सगळा वर्ग उचलून त्याने टोकियोच्या कोराकुएन सभागृहात आणला. शीमा, मॅग्नम टोकियो, ड्रॅगन किड ही नावे जपानी प्रेक्षकाला नवी. नवी संस्था चाचपडत सुरू होते तसे येथे काही दिसले नाही. पोरांनी दोन वर्षे एकमेकांशी झुंजून सारे बसवून आणले होते, परगावी तालमी करून पुण्यात पहिला प्रयोग रंगविणाऱ्या मंडळीसारखे. असाई स्वतः मात्र बहुतेक बाहेरच होता. १९९८ साली कोपराच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतूला इजा होऊन त्याचा हात अधू झाला होता, आणि शाळा गाजत असता मास्तर चार वर्षे रिंगणाबाहेर होते. २००१ साली दुसरी तुकडी आली, ती तर षट्कोनी रिंगण आणि मेक्सिकन पकडींचे निराळेच शास्त्र घेऊन.

आणि मग मंडळी फुटली. २००४ साली असाई आपल्या कोबेच्या संस्थेपासून वेगळा झाला. तोर्युमोन हे नाव त्याचे, ते तो घेऊन गेला. पोरे मागे राहिली. त्यांनी संस्थेला नवे नाव दिले: ड्रॅगन गेट. म्हणजे त्याच दंतकथेतले ड्रॅगनचे द्वार, फक्त इंग्रजीत. गुरूने शब्द नेला, शिष्यांनी अर्थ ठेवून घेतला. ज्या उघड्या दाराने ती आत आली ते दार त्याने घातले होते, तरी त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहेच. रोजचे प्रयोग, पाठीवर पडणे, तिकीटखिडकी हे सारे तीच ओढीत होती. मास्तर समुद्रापलीकडे आणि शाळेचा गाडा इकडे, असे किती वर्षे चालणार? २०१९ साली, पंधरा वर्षांनी, असाईने पुन्हा ड्रॅगन गेटच्या रिंगणात पाऊल ठेवले.

त्या फुटीच्याच वर्षी, २००४ च्या ऑगस्टमध्ये, तोर्युमोनचा एक सोळा वर्षांचा विद्यार्थी मेक्सिकोत पहिल्यांदा उतरला. माध्यमिक शाळा संपवून तो सरळ या वाटेला लागला होता. काझुचिका ओकादा त्याचे नाव. तीन वर्षांनी न्यू जपानने त्याला घेतले, पण परदेशी शिकला म्हणून सूट दिली नाही. पुन्हा काळी चड्डी, पुन्हा झाडू, पुन्हा पहिल्या कुस्तीत हार. २०१० साली त्याला अमेरिकेतल्या टीएनए या कंपनीकडे धाडले. तेथे त्याला बहुतेक वेळ बसवूनच ठेवले, आणि काम दिले ते एका अमेरिकन मल्लाच्या मागे काळा मुखवटा घालून फिरणाऱ्या सेवकाचे. टोगोच्या मिठापासून पन्नास वर्षांत झालेली प्रगती ही एवढीच! न्यू जपानच्या लोकांना याचा राग आला आणि त्या कंपनीशी संबंध पुढे तुटले.

ओकादा २०१२ च्या जानेवारीत परतला, केस सोनेरी करून, नोटांचा पाऊस पाडणारा माणूस म्हणून. पहिल्या दिवशी लोक हसले. १२ फेब्रुवारीला ओसाकात त्याने संस्थेचा सर्वांत लाडका मल्ल हिरोशी तानाहाशी याच्याकडून पट्टा घेतला. वय चोवीस. पुढची दहा-बारा वर्षे संस्था मुख्यतः त्याच्या खांद्यावर होती, आणि त्याच्या कुस्त्या पाहण्यासाठी अमेरिकेतले लोक रात्री जागू लागले.

ते जागू लागल्यावर पुढचे ओघानेच आले. २०२४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने त्याला बोलाविले आणि तो गेला. जाण्यापूर्वी ११ फेब्रुवारीला, बारा वर्षांना एक दिवस कमी असता, त्याच ओसाकात त्याची तानाहाशीशी शेवटची लढत लावली. तानाहाशी दोन महिन्यांपूर्वीच न्यू जपानचा अध्यक्ष झाला होता. म्हणजे जाणाऱ्या मल्लाला निरोप द्यावयास अध्यक्ष स्वतः चड्डी नेसून रिंगणात आला. ओकादा जिंकला, वाकून नमस्कार केला, आणि त्या महिन्याच्या अखेरचे साप्पोरोचे खेळ संपवून समुद्रापार गेला.